फळमाशीला वास कसा येतो हे शोधणाऱ्या वेरोनिका रॉड्रिग्ज



पिकलेली केळी दोन-तीन दिवस टोपलीत राहिली की त्यांच्यावर बारीक माश्या घोंघावू लागतात. तिळापेक्षा जेमतेम मोठ्या, लाल डोळ्यांच्या. आपण त्यांना चिलटं म्हणतो, फडक्यानं हाकलतो, आणि केळी उचलून दुसरीकडे ठेवली तरी थोड्या वेळात त्या तिथेही हजर होतात. केळी कुठे आहेत हे त्यांना सांगतं कोण? वास सांगतो. पण तिळाएवढ्या जिवाला नाक कुठून आलं, आणि त्या नाकाची घडण कशी ठरली?

ज्यांनी तीसेक वर्षं याच प्रश्नाचा पाठपुरावा केला, त्या वेरोनिका रॉड्रिग्ज यांची आज ओळख करून घेऊ. त्यांचं बहुतेक काम मुंबईत झालं. तरीही आपल्या शाळेच्या पुस्तकांतून त्यांचं नाव मुलींच्या कानावर पडत नाही. माशीवर काम करणाऱ्या बाईला पुस्तकात कुठे जागा, असं काहीसं झालं असावं.

वेरोनिका यांचं घराणं मूळचं गोव्याचं. जन्म मात्र १९५३ साली केनियात. हे कसं, तर इंग्रजांच्या काळात गोव्याची पुष्कळ माणसं पूर्व आफ्रिकेत गेली होती. कुणी कचेरीत कारकून, कुणी शिंपी, कुणी आचारी. आपल्याकडची माणसं जशी पोटासाठी नागपूर-मुंबई गाठतात, तशीच ती बोटीनं मोंबासाला उतरत. पुढच्या पिढ्या तिथेच वाढल्या, तिथल्याच शाळांत शिकल्या.

वेरोनिका शिकायला शेजारच्या युगांडात, कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात गेल्या. ते दिवस इदी अमीनच्या राजवटीचे. १९७२ साली त्यानं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. पिढ्यान् पिढ्या दुकानं थाटून बसलेली कुटुंबं एकेक पेटी घेऊन विमानतळावर उभी राहिली. असल्या वातावरणात विद्यापीठात शिक्षण ते काय होणार? वेरोनिका आयर्लंडला गेल्या, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाल्या आणि १९७६ साली सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली.

आता इथे थांबून पाहा. हातात ट्रिनिटीसारख्या कॉलेजची पदवी. इंग्लंड समोर, अमेरिकेची वाट मोकळी. भारतातले हुशार विद्यार्थी त्या वर्षांत रांगा लावून त्या वाटेनं जात होते. वेरोनिकांनी उलटी वाट धरली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी नावाचे शास्त्रज्ञ होते. जिवाणूंच्या जनुकांवरचे त्यांचे लेख वेरोनिकांनी वाचले होते. त्यांच्या हाताखाली काम करायचं म्हणून त्या मुंबईला आल्या. ज्या देशात जन्म नाही, शिक्षण नाही, तिथे केवळ एका प्रयोगशाळेसाठी यायचं! मला यात त्यागबिग काही दिसत नाही. त्यांना हवं ते काम तिथे होतं, एवढंच.

सिद्दीकींविषयी दोन शब्द सांगायला हवेत. होमी भाभांनी १९४५ साली काढलेली ही संस्था मुख्यतः भौतिकशास्त्र आणि गणिताची. तिथे १९६२ साली भाभांनी सिद्दीकींना बोलावून जीवशास्त्राचा छोटा विभाग सुरू केला. अणूंचा अभ्यास करणाऱ्यांच्या शेजारी जिवाणू वाढवणारे आले. पुढे सत्तरच्या दशकात सिद्दीकी जिवाणूंकडून फळमाशीकडे वळले, आणि नेमक्या त्याच सुमारास वेरोनिका तिथे पोचल्या. जिवाणूंचे लेख वाचून आलेल्या मुलीच्या पुढ्यात माश्यांच्या बाटल्या आल्या.

त्यांच्या कामाचं महत्त्व समजायला एक गोष्ट आधी नीट पाहू. आपल्या धानाचंच उदाहरण घ्या. एका दाण्यातून पऱ्हं उगवतं. त्याचं मूळ चिखलात जातं, पान उन्हाकडे, आणि शेवटी लोंब येते. मूळ, पान, लोंब, तिन्हींच्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच, कारण सगळं एकाच दाण्यातून आलं. माणसाचंही तेच. आपल्या डोळ्याच्या पेशीत आणि तळपायाच्या पेशीत वीस हजारांच्या आसपास जनुकं असतात, अगदी सारखी. मग डोळा डोळा कसा होतो आणि तळपाय तळपाय कसा? कारण सगळी जनुकं सगळीकडे चालू नसतात. कुठे काही जागी, काही झोपलेली. कोणतं, कुठे, केव्हा आणि किती चालू राहील हे ठरवण्याच्या व्यवस्थेला जनुकांचं नियमन म्हणतात.

ही व्यवस्था पहिल्यांदा उलगडली ती जिवाणूंमध्ये. फ्रान्समधल्या जाकोब आणि मोनो या दोघांनी १९६१ साली दाखवलं, की दुधातली साखर समोर असेल तेव्हाच जिवाणू ती पचवणारी प्रथिनं बनवतो. साखर नसली की ती जनुकं बंद. पाहुणे आल्याशिवाय मोठं पातेलं चुलीवर चढवायचं नाही, असा चोख हिशेब. त्यासाठी त्यांना १९६५ साली नोबेल मिळालं. पण जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. अनेक पेशींच्या जिवात एका पेशीची मिशी होते आणि दुसरीचा डोळा, हा हिशेब कितीतरी गुंतागुंतीचा. तिथे फळमाशी कामाला आली.

फळमाशीच का? ती स्वस्त आहे. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट यांच्या लापशीवर ती वाढते. अंड्यापासून माशी व्हायला पंचवीस अंश तापमानात दहाच दिवस लागतात, म्हणजे वर्षभरात तीसहून अधिक पिढ्या पाहता येतात. तिच्या गुणसूत्रांच्या जोड्या फक्त चार. अमेरिकेत मॉर्गन यांनी १९१०च्या सुमारास दुधाच्या बाटल्यांत माश्या वाढवूनच आनुवंशिकतेचा अभ्यास उभा केला होता. गरीब देशातल्या प्रयोगशाळेला परवडेल असं हे जनावर होतं.

वेरोनिकांचं पहिलं काम म्हणजे बिघडलेल्या माश्या शोधणं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण घरातलं यंत्र कसं चालतं हे आपल्याला ते बिघडल्यावरच कळतं ना? मिक्सर चालू असतो तोवर आत काय आहे कोण बघतं! नर माश्यांना साखरपाण्यातून एक रसायन पाजलं की त्यांच्या जनुकांत जागोजागी बारीक बिघाड होतात. त्यांची पिल्लं वाढवायची आणि त्यांतून अशी माशी हुडकायची, की जिला बाकी सगळं नीट जमतं, फक्त चव कळत नाही, किंवा फक्त वास कळत नाही. हजारो निरोगी माश्यांतून अशी एखादी निघते. निवडता निवडता डोळे दुखून यावेत असं काम. तांदळातले खडे वेचणाऱ्या हातांना ते सांगायला नको.

बरं, माशीला चव कळली नाही हे ओळखायचं कसं? ती काही सांगणार नाही. माशी पायांनीही चव घेते. तिच्या पायाला गोड पाणी लागलं की सोंड आपोआप बाहेर येते. गोड लावूनही जिची सोंड हलत नाही, ती बाजूला काढायची. उलट क्विनीनसारखं कडू जहर असलेलं अन्न नेहमीची माशी टाळते. ते जी बिनदिक्कत खाते तिच्यातही बिघाड. खाल्लं की नाही हे पाहायला अन्नात रंग घालायचा आणि पोट पाहायचं. वासासाठी इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटे फुटलेली काचेची नळी: एका फाट्यात वास, दुसऱ्यात नुसती हवा, माशी कुठे वळते ते मोजायचं. एवढ्या साध्या साधनांवर १९७८ साली रॉड्रिग्ज आणि सिद्दीकी यांचा लेख भारतातल्याच एका विज्ञान पत्रिकेत आला. चव आणि वास यांच्या वाटा जनुकांच्या मदतीनं उलगडायच्या, ही दिशा त्यात पक्की दिसते. १९८१ साली त्यांनी आणखी एक माशी जगापुढे ठेवली, जिच्यात ग्लुकोजच्या गटातल्या साखरा ओळखणारी जागाच सदोष होती. गोड म्हणजे जिभेला एकच गोड वाटलं, तरी ते ओळखणारी कुलपं वेगवेगळी असतात, हे त्यातून पुढे आलं.

जाता जाता एक सांगते, कारण आपण सुवासिक तांदळाच्या मुलखातल्या. बासमतीचा वास येतो तो एक जनुक बिघडलेलं असल्यामुळे. ते धड असतं तर तो सुगंधी पदार्थ साठलाच नसता. बिघाड म्हटला की तो वाईटच, असं काही नाही.

मुंबईचं काम आटोपून वेरोनिका जर्मनीत ट्युबिंगेनला माक्स प्लांक संस्थेत गेल्या. तिथे त्यांनी माशीच्या मेंदूत वास कुठे पोचतो ते पाहिलं. युक्ती अशी: मेंदूचा जो भाग काम करतो तो जास्त साखर खातो. माशीला किरणोत्सारी खूण केलेली साखर द्यायची, मग एकच वास द्यायचा, आणि मेंदूचे पातळ काप करून खूण कुठे साठली ते बघायचं. मेंदूच्या ज्या भागात वासाच्या तारा येतात तिथे मज्जातंतूंचे पन्नासेक छोटे गोळे असतात, लसणाच्या कांद्यातल्या पाकळ्यांसारखे. वास बदलला की वेगळ्या पाकळ्या जाग्या होत, असं दिसलं. म्हणजे मेंदूत वासांचा नकाशा आहे. हा लेख १९८४चा. वास ओळखणारी जनुकं अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना उंदरांत सापडली ती १९९१ साली, आणि माशीत तशी जनुकं सापडायला १९९९ उजाडलं. बक आणि ॲक्सेल यांना २००४ साली नोबेल मिळालं. ते त्यांचंच होतं, त्यात शंका नाही. पण त्याच नकाशाची रेघ एका बाईनं सात वर्षं आधी कापांवर पाहिली होती, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

वेरोनिका मुंबईला परतल्या आणि त्याच संस्थेत शिक्षक झाल्या. आता त्यांचा प्रश्न बदलला. वास कसा कळतो, याच्याही आधीचं विचारायचं: वास घेणारं नाक घडतं कसं? इथून त्या जनुकांच्या नियमनाकडे आल्या, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात देखणं काम हेच.

माशीचं नाक म्हणजे डोक्यावरच्या दोन आखूड मिशा, शास्त्रात त्यांना शृंगिका म्हणतात. त्यांच्यावर शेकडो सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या बुडाशी वास ओळखणाऱ्या पेशी. केसांचे प्रकार तीन: काही जाड खुंटीसारखे, काही लांब अणकुचीदार, काही खळगीत बसलेले आखूड. तिन्हींचं काम वेगळं. शृंगिका घडत असताना कोवळ्या कातडीच्या सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. मग या पेशीनं खुंटी व्हायचं आणि शेजारणीनं अणकुचीदार, हे कोण ठरवतं?

वेरोनिका आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९७ साली दाखवलं, की खळगीतल्या केसांना सुरुवात करून देणारं जनुक म्हणजे अटोनल. मग १९९८ साली उरलेल्या दोन प्रकारांचं कोडं सुटलं. तिथे लोझेंज नावाचं जनुक काम करतं. या जनुकातून जे प्रथिन बनतं ते स्वतः काही बांधत नाही. ते दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करतं. लग्नघरातली करती बाई जशी स्वतः पोळ्या लाटत बसत नाही, पण कुणी काय करायचं ते तिच्याच तोंडून ठरतं, तसं. लोझेंज पूर्ण बंद असलेल्या माशीला खुंटीसारखे केस येतच नाहीत, आणि अणकुचीदारही कमी येतात. शृंगिका घडण्याच्या नेमक्या काळात लोझेंजचं प्रमाण वाढवलं, तर खुंट्या वाढतात आणि अणकुचीदार केस घटतात.

म्हणजे जनुक आहे की नाही, एवढ्यावर भागत नाही. किती आहे, यावर पेशीचं पुढचं आयुष्य ठरतं. मीठ तेच, चिमूटभर घातलं तर भाजीला चव येते, ओंजळभर घातलं तर कैरी वर्षभर टिकते. स्वयंपाकघरात प्रमाणाची ही किंमत आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. पेशीतही तोच कारभार आहे, हे मिशीवरचे केस मोजून मोजून मुंबईच्या त्या खोल्यांत सिद्ध झालं. आणि लोझेंज हे माशीपुरतंही नाही. त्याच घराण्यातलं एक जनुक माणसात रक्ताच्या पेशी घडवतं, आणि त्यात बिघाड झाला तर एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग होऊ शकतो.

रक्ताचा विषय निघालाच आहे, तर आपल्या भंडाऱ्याकडे येऊ. पूर्व विदर्भात सिकलसेल हा शब्द न ऐकलेली बाई सापडणं कठीण. सिकलसेलचं बाळ जन्मतः ठणठणीत असतं आणि साधारण सहा महिन्यांनंतर हातपाय सुजणं, रडणं, वेदना सुरू होतात. घरातले म्हणतात, नजर लागली, चांगलं होतं लेकरू. कारण मात्र नियमनात आहे. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचं असतं. जन्मानंतर ते बनवणारी जनुकं हळूहळू बंद होतात आणि मोठ्यांच्या हिमोग्लोबिनचं जनुक जोर धरतं. सिकलसेलचा दोष या दुसऱ्या जनुकात. पहिलं बंद झालं की दोष उघडा पडतो. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी डॉक्टर देतात, तिच्यामुळे बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा काही प्रमाणात बनू लागतं. आणि २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत एका नव्या उपचाराला मंजुरी मिळाली. त्यात बाळपणीचं हिमोग्लोबिन बंद करणारं जे करतं जनुक आहे, त्याचाच रक्त घडवणाऱ्या पेशींमधला खटका मोडतात. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. आपल्या तालुक्यातल्या आईनं ती ऐकून फक्त हात जोडावेत, इतकी.

वेरोनिकांच्या कामातून हा उपचार थेट निघाला, असं मी म्हणत नाही. पण जनुकांना चालू-बंद करणारी दुसरी जनुकं असतात, त्यांच्या प्रमाणानं पेशीचं रूप ठरतं, हे ज्ञान असंच माशीपासून, उंदरापासून, जिवाणूपासून थेंबाथेंबानं साठलं. त्यातले काही थेंब त्यांचे. तोवर आपल्या हाती काय आहे, तर तपासणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात थोड्याशा रक्तावर पहिली चाचणी होते. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्न ठरवताना पत्रिकेआधी हा कागद पाहिला तर बरं.

वेरोनिकांच्या गोष्टीचा शेवट बंगळूरचा. सिद्दीकींनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे टाटा संस्थेचंच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभं केलं होतं. पुढे वेरोनिकाही मुंबईहून तिकडे गेल्या. शृंगिकेतल्या पेशींच्या तारा मेंदूतल्या नेमक्या गोळ्यापर्यंत कशा पोचतात, वाटेत कुणाचा हात धरतात, यावर त्यांचे विद्यार्थी काम करत होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत मुली बऱ्याच होत्या, आणि त्यांची नावं त्या लेखांवर पहिल्या जागी दिसतात. जीवशास्त्रात पहिलं नाव म्हणजे प्रत्यक्ष हातांनी काम केलेल्याचं.

मग त्यांना कर्करोग झाला. उपचार चालू होते, कामही चालू होतं. शेवटच्या वर्षांत त्यांनी हाती घेतलेला प्रश्न आपल्या रोजच्या अनुभवातला आहे. फोडणीचा वास बाहेरून आलेल्याला लगेच येतो. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला थोड्या वेळानं येईनासा होतो. गोठ्यात काम करणारीला शेणाचा वास जाणवत नाही. नाक तेच, वासही तोच, मग तो जातो कुठे? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले मणी रामस्वामी या कामात त्यांच्या सोबत होते. वेरोनिकांनी जिथून पदवी घेतली होती तेच कॉलेज. माश्यांना चार-चार दिवस एकाच वासात ठेवून त्यांनी पाहिलं, की नाक थकत नाही. मेंदूतल्याच काही पेशी ओळखीच्या वासाला दाबून धरायला शिकतात, जेणेकरून नवा वास आला तर तो चटकन कळावा.

१० नोव्हेंबर २०१० रोजी वेरोनिका रॉड्रिग्ज गेल्या. वय सत्तावन्न. हा लेख प्रसिद्ध झाला तो पुढच्या वर्षी, २०११ साली. लेखकांच्या लांबलचक यादीत शेवटून दुसरं नाव त्यांचं आहे.